मशीनचा आवाज ऐकून आलेला करंटवाला

हे आत्ताच सांगायला हवं. उद्यावर टाकलं की मी परत गप्प बसेन, आणि गप्प बसून आधीच चार वर्षं झालीत. कॉम्प्युटर क्लासमध्ये बसलेय, माझा तास चालू आहे, सर पलीकडच्या खोलीत आहेत. भराभर टाइप करतेय. चुका दिसल्या तर सोडून द्या, गोष्ट तेवढी धरा.

तर आम्ही मूळचे पुण्याचे. मी सहावीत असताना बाबांची बदली बंगलोरला झाली, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका कंपनीत. राजाजीनगरात वरच्या मजल्यावर भाड्यानं घर मिळालं. खाली घरमालकीण राहायच्या, त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. वर आई, बाबा आणि मी. आईला कन्नड शून्य. 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, या दोन शब्दांवर तिनं भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळं निभावलं होतं. बाबा कारखान्यात हिंदीवर भागवायचे. कन्नड वाचता दोघांनाही यायचं नाही. मी शाळेत शिकले, पटापट शिकले, आणि बघता बघता घरातलं सगळं वाचायचं काम माझ्याकडे आलं. बसची पाटी, रेशनकार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, करंट बिल. इथे विजेला सगळे करंटच म्हणतात.

मला हे जाम आवडायचं. आई-बाबा कागद आणून हातात देतायत आणि तोंडाकडे बघत उभे आहेत, असं कुठल्या मुलीच्या घरी होतं? बाबा पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरच्या कलेक्टरीणबाई आहेत ह्या." आणि कलेक्टरीणबाईंना एखादा शब्द अडला तर? सरकारी कागदावरचं कन्नड कसलं अवघड असतं, शाळेच्या पुस्तकातलं कुठे आणि ते कुठे. मग मी कपाळाला आठ्या घालून थोडा वेळ कागदाकडे बघायचे आणि म्हणायचे, "काही नाही, नियम दिलेत." कसले नियम, हे कुणी कधी विचारलं नाही.

आता आईचं सांगते. पुण्यात ती शिवण शिकवायची. इथे आल्यावर दोन वर्षं नुसती बसून होती. मग चौकातल्या कापडदुकानवाल्या अण्णांनी तिला काम दिलं. अण्णांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण त्यांचे पूर्वज बंगलोरला कधी आले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा आईनं पदर तोंडाला लावला होता, हसू दिसू नये म्हणून. इथे कुठल्याही बाईला अक्का म्हणतात, तसं ते आईलाही अक्काच म्हणायचे.

"अक्का, तुमी पुण्याचे लोक शब्द मोजून देतात की. टाके तरी स्वल्प जास्त घाला!"

"टाकेही मोजूनच घालते, अण्णा. म्हणून उसवत नाहीत."

अण्णा इतके खूश झाले की त्यांनी थेट शाळेच्या युनिफॉर्मचे शर्ट दिले शिवायला. आधी वीस, मग पन्नास. आईनं जुन्या मशीनला मोटर बसवली, एक सेकंडहँड मशीन आणखी घेतली. दुपारभर घरात घरघर, घरघर. ती गुणगुणायला लागली होती. मला वाटतं बंगलोरला आल्यापासून पहिल्यांदाच.

बाबांना ते फारसं रुचलेलं नव्हतं. नको म्हणाले नाहीत, पण एक अट घातली. "करायचं तर कर. पण उद्या कुणी दारात येऊन कटकट केलेली मला चालणार नाही. घर भाड्याचं आहे. तसं काही झालं तर मशीन बंद." आई म्हणाली, "कोण कशाला येईल कटकट करायला?"

आला ना. एका शनिवारी दुपारी आला. माझी शाळा अर्धी असायची शनिवारी, म्हणून मी घरी होते. मशीन चालू होती आणि एकदम बंद पडली. पंखाही थांबला. आई म्हणाली, करंट गेला. तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज आणि दारात हा माणूस. खाकी शर्ट, खिशात टेस्टर, खांद्याला रेक्झिनची बॅग, काखेत कार्बन घातलेलं बिलबुक. आणि हातात आमच्या मीटरचा फ्यूज. जिन्याखालचा बोर्ड उघडून काढून आणला होता. ओळखपत्र काही नव्हतं. पण फ्यूज हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ओळखपत्र कोण विचारतं? आम्हाला तर तो फ्यूजच ओळखपत्र वाटला.

"अम्मा, कनेक्शन घर का है," तो हिंदीत म्हणाला, "और अंदर फैक्टरी चलता. नीचे तक आवाज आता."

आईचा चेहरा पांढरा पडला. कारण गोष्ट खोटी नव्हती. घरगुती कनेक्शनवर ती धंद्याच्या मशिनी चालवत होती, आणि त्याला वेगळी परवानगी लागते की नाही हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं बॅगेतून एक कागद काढला. कन्नडमध्ये. आईनं तो घेतला आणि न बघताच माझ्याकडे दिला.

मी वाचला. म्हणजे काय वाचलं ते आता खरं खरं सांगते. 'दंड' वाचता आलं. 'वीज' वाचता आलं. एक मोठा रबरी शिक्का होता, जांभळा, पुसटलेला, त्यातलं एकही अक्षर लागलं नाही. मधल्या चार ओळी अवघड होत्या, त्या मी नुसत्या डोळ्यांखालून घातल्या. आणि मान वर करून म्हटलं, "हो आई. दंडच लिहिलाय. शिक्का पण आहे."

त्या माणसानं माझ्याकडे बघून मान डोलावली. "शाणी लडकी है." आणि मला, काय सांगू, मला बरं वाटलं.

मग त्यानं आईला विचारलं, साहेब किती वाजता येतात? आई म्हणाली, सहाला, कंपनीच्या बसनं. "तो मैं छे बजे आके साब से बात करूँ?"

"नको!" आई मराठीतच ओरडली.

बस. तेवढंच हवं होतं त्याला. आज विचार करते तेव्हा कळतं की आम्हाला भीती कशाची आहे ते शोधत होता तो. आधी दंड म्हणून बघितलं, मग साहेब. साहेबांवर आई अशी दचकली, की पुढे त्याला फारसं बोलावंच लागलं नाही. आई आत गेली, पिठाच्या डब्याखालचं पाकीट काढलं. त्यात तिचे ओव्हरलॉक मशीनसाठी, कापडाच्या कडा शिवायच्या मशीनसाठी, साठवलेले पैसे होते. निम्मे तिथेच गेले. मी म्हटलं, पावती? तर हसला. "पावती बनाया तो केस ऑफिस में चढ़ेगा, पापा. फिर साब को नोटिस आएगा." इथे मुलांना लाडानं पापा म्हणतात. म्हणजे पावती न देऊन तो आमच्यावर उपकारच करत होता! खाली जाऊन त्यानं फ्यूज परत बसवला, पंखा फिरायला लागला, आणि आईनं देवासमोर हात जोडले.

अक्का जिन्यात येऊन विचारत होत्या, "एनायितु?" काय झालं. आईनं घाईघाईत हात हलवला, "कुछ नहीं अक्का, फ्यूज, फ्यूज." अक्कांचं अख्खं आयुष्य या गल्लीत गेलेलं. त्यांना एक वाक्य सांगितलं असतं तर त्यांनी त्या माणसाला गेटवरच धरला असता. पण सांगायचं म्हणजे मशीनवर धंदा चालतो हे सांगायचं, आणि घरमालकिणीला ते चालेल का, ही आणखी एक भीती. आईनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "बाबांना नाही सांगायचं. शपथ घे." मी शपथ घेतली.

महिन्याभरानं तो परत आला. तेव्हा नवे साहेब आले होते म्हणे ऑफिसात, जुन्या फायली उघडतायत, त्यांचंही बघावं लागेल. ओव्हरलॉकचे उरलेले पैसे गेले. त्या दिवशी त्यानं पाणी मागितलं, आईनं पेला भरला. मीच नेऊन दिलं.

तिसऱ्यांदा आला तो मेमध्ये. शाळा जूनमध्ये सुरू होणार, अण्णांनी एवढी मोठी ऑर्डर कधीच दिली नव्हती, घरात कापडाचे गठ्ठे छातीपर्यंत. बटणं, दोरे, कॉलरचं कॅनव्हास आणायला अण्णांनी आईला आगाऊ पैसे दिलेले. तो दारात उभा राहून गठ्ठ्यांकडे बघत होता. या वेळी कागद नाही, काही नाही. नुसतं म्हणाला, "अम्मा, बहुत काम है." आईनं अण्णांचे पैसे काढून दिले. तो गेल्यावर मला म्हणाली, "एवढी ऑर्डर पुरी झाली की भरून काढीन मी. तू घाबरू नकोस."

मग मला सुचलं, हुशार ना मी! करंट बिल भरायला दर महिन्याला मीच जायचे. म्हटलं, काउंटरवर सरळ विचारावं की ती केस कायमची मिटवायला किती भरावे लागतील. एकदाच भरू, पावती घेऊ, आणि हा माणूस परत येणार नाही.

काउंटरवर मोठी रांग होती. आतला क्लार्क म्हणजे चष्मा नाकाच्या टोकावर, कंटाळलेला, बाबांपेक्षा बराच मोठा. मी कन्नडमध्ये हळूच सांगितलं. घरगुती कनेक्शन, मशीन, दंड, तीन वेळा पैसे दिले. त्यानं लिहिता हात थांबवला.

"कुणाला दिले?"

"तुमच्या माणसाला. घरी आला होता."

"पावती?"

"नाही दिली."

"कागदावर तुमच्या मीटरचा नंबर होता? घरमालकाचं नाव?"

मी आठवून बघितलं. नंबर नव्हता. नाव नव्हतं. कुणाच्याही घरी दाखवता येईल असा कागद होता तो.

"पण त्यानं फ्यूज काढला," मी म्हटलं.

"फ्यूज तू पण काढू शकतेस," तो म्हणाला. मग त्यानं माझ्याच हातातलं बिल घेतलं, उलटं केलं, आणि खिडकीतून परत माझ्यासमोर सरकवलं. मागच्या बाजूला बारीक छापलेलं होतं. एका ओळीवर बोट ठेवलं. "ओदम्मा. जोरागि ओदु." वाच, बाई. मोठ्यानं वाच.

मी वाचायला लागले. पहिल्या शब्दावरच अडखळले. मागून कुणीतरी तो शब्द सांगितला. मग दुसरा कुणीतरी पुढचा. अशी अख्खी रांग मला वाचायला शिकवत होती. तुमच्या घरी येणाऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्याला रोख रक्कम देऊ नये. रक्कम फक्त कार्यालयातल्या खिडकीवर भरावी आणि छापील पावती घ्यावी. ओळखपत्र बघितल्याशिवाय मीटरला हात लावू देऊ नये. शंका आल्यास कार्यालयात विचारावं. झालं. चार ओळी. एवढंच होतं ते सगळं, जे मी दर महिन्याला 'काही नाही, नियम दिलेत' म्हणून आईच्या हातात परत देत होते.

मागे कुणीतरी हसलं. एक बाई म्हणाल्या, "पाप, लहान आहे." इथे पाप म्हणजे बिचारी. क्लार्क हसला नाही. म्हणाला, "वडिलांना घेऊन पोलीस स्टेशनला जा. असे येतात. मशीन असलेली घरं शोधत फिरतात, पिठाची गिरणी, शिलाई, इस्त्री. आवाज येतो ना बाहेर." आणि बिलावर शिक्का मारून त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं.

वडिलांना घेऊन. हेच तर होणार नव्हतं.

घरी आले तेव्हा आई मशीनवर होती. मी सांगितलं, तो माणूस खोटा होता, ऑफिसात अशी केसच नाही. बिलाच्या मागचं मात्र सांगितलं नाही. ठरवलं वगैरे काही नव्हतं, तोंडातून निघालंच नाही ते. पायाखालचं पेडल आईनं दाबून ठेवलेलं, सुई कापड नसताना नुसती वर-खाली होत होती, दोरा गुंतत चाललेला. मीच जाऊन बटण बंद केलं.

बटणांचे पैसे नव्हते, त्यामुळे शर्ट बिनबटणाचेच राहिले. रविवारी अण्णा स्वतः आले बघायला. बाबा घरी. अण्णा गठ्ठे उलटे-पालटे करत म्हणाले, "अक्का, हे काय की? बटणं कुठं? पैसे तर दिलेले ना मी?" बाबा एकदा अण्णांकडे बघतायत, एकदा आईकडे. मग सगळं निघालं. एकेक करत तिन्ही वेळा.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसून राहिले. अण्णा गेल्यावर म्हणाले, "पोलिसात जाऊन काय सांगू? नाव नाही, पावती नाही. माझ्या बायकोनं मला न सांगता तीनदा पैसे दिले, हे सांगू?"

आई म्हणाली, "मला वाचता येत असतं तर..."

"वाचायला ही होती की."

"तिला कशाला मध्ये आणता?" आई एकदम वर बघून म्हणाली. "लहान आहे ती. तिनं जे वाचलं ते बरोबरच वाचलं. चूक माझी आहे. मीच अडाणी."

मी तिथेच उभी होते, दाराला टेकून. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले.

अण्णांचे पैसे फेडायला एक मशीन विकली. अण्णांनी ती ऑर्डर दुसऱ्या कुणाला दिली. परत कधी काम दिलं नाही, वाईटही वागले नाहीत, फक्त दुकानात गेलं की आईशी हवापाण्याचं बोलायचे. दुसरी मशीन बाबांनी मोटर काढून कोपऱ्यात ठेवली. पुढे कित्येक महिने दाराची बेल वाजली की आई माझ्या तोंडावर हात ठेवायची. दोघी श्वास रोखून बसायचो, बाहेरचा माणूस कंटाळून जाईपर्यंत. एकदा असंच बसलो आणि नंतर दार उघडलं तर उंबऱ्यात चिठ्ठी, खऱ्या मीटरवाल्याची, दार बंद असल्यानं रीडिंग घेता आलं नाही म्हणून. आई ती चिठ्ठी हातात घेऊन रडली.

आई आता शिवत नाही. माझ्या ड्रेसची उसवलेली बाहीसुद्धा ती बाहेर देते.

परवा मी तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी एका दमात सांगून टाकलं, बिलाच्या मागे सगळं छापलेलं होतं, मला वाचता येत नव्हतं, आणि मला वाचता येत नाही हे मी कधी सांगितलंच नाही. तिचे हात थांबले. मला वाटलं म्हणेल, जाऊ दे, लहान होतीस. चार वर्षं मी त्या वाक्याची वाट बघत होते बहुतेक.

"ते बिल तर दर महिन्याला यायचं," ती म्हणाली.

"हो."

"पहिल्यांदा ठीक आहे. दुसऱ्यांदा तरी नीट वाचायचं होतंस. नाहीतर खाली जाऊन अक्कांना विचारायचं होतंस." मग म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत राहिले गं, की मी अडाणी."

आणि परत तांदूळ निवडायला लागली. काल पाण्याच्या बोर्डाचा कुठलासा कागद आला. माझ्यासमोरून तो घेऊन ती खाली अक्कांकडे गेली. मी खोलीतच होते.

अजून सर आले नाहीत, म्हणून विचारून घेते. तुमच्या घरी असं झालंय का? साहेबांना सांगू का म्हणून कुणी घाबरवलंय, पावती देत नाही हा उपकार आहे असं पटवलंय? आणि मुख्य म्हणजे, तुमच्या घरी कागद कोण वाचून दाखवायचं? तुम्हीच असाल, तर न कळलेल्या ओळीचं तुम्ही काय सांगायचात?